पलीकडच्या राज्यातला शेवटचा हात

गेल्या वर्षी जुलैमधल्या एका रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, आमच्या नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाभोवती संसदेचं खास अधिवेशन भरलं. ठराव एकच होता: माझ्या मुलीने नगररचना शिकायला दिल्लीला जावं की नाही. सोमवारी संध्याकाळपर्यंत ऑनलाइन होकार कळवला नाही तर ती जागा जाणार होती. इकडे खारघरच्या एका कॉलेजात तिला इंजिनिअरिंगला जागा मिळत होती. सकाळी डबा घेऊन जायचं, संध्याकाळी घरी यायचं. तिने खारघरला जावं असं मला वाटत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या अधिवेशनात मी दिल्लीची हवा, दिल्लीची थंडी, दिल्लीचे रस्ते असे बरेच मुद्दे मांडले. ते सगळे खरेच होते. पण त्या सगळ्यांच्या खाली एवढंच होतं की मला माझी पोर घरात हवी होती.

संसद कसली आणि अधिवेशन कसलं, हे कळायचं तर थोडं मागे जायला हवं.

माझे वडील ग्रामसेवक होते. ग्रामपंचायतीच्या सभा भरवायच्या, ठराव लिहायचे, दाखले द्यायचे, आणि गावात नळाला पाणी आलं नाही की सगळ्यांच्या शिव्या खायच्या, ही त्यांची नोकरी. पनवेल-उरणच्या खाडीकाठच्या किती गावांच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या, त्याचा हिशोब नाही. त्यांचा स्वतःचा जन्म पनवेलजवळच्या कोन गावचा. घरची भातशेती होती, तिच्या एका टोकावरून आता गाड्या ताशी शंभराने पुण्याला जातात. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले तेव्हा मुलगी दुसरीत होती. मी बेलापूरला नोकरीला, नवरा ठाण्याला. घरी संध्याकाळपर्यंत एक निवृत्त ग्रामसेवक आणि एक दुसरीतली मुलगी. अशा दोन माणसांना एकत्र सोडलं तर काय होणार? त्यांनी एक देश काढला.

तो देश सापडला करंजाला. उन्हाळ्याच्या शेवटी सुकी मच्छी भरायला बाबा दर वर्षी करंजाच्या बंदरावर जायचे, तसे त्या वर्षी तिला घेऊन गेले. मीही होते. पिशव्या धरायला कोणीतरी लागतंच. जवळा, बोंबील, मांदेली घेऊन झाली आणि आम्ही धक्क्यावर टेकलो. मुलीने समुद्राकडे बोट केलं आणि विचारलं, "आजोबा, पलीकडे काय आहे?"

शहाण्या माणसाने समोरच्या किनाऱ्यावरचं रेवस बंदर सांगितलं असतं. बाबा म्हणाले, "पलीकडं एक राज्य हाय. लय पुढारलेलं."

"राजा आहे तिथे?"

"छा! राजा मागास लोकांना लागतो. तितं प्रजासत्ताक हाय."

"म्हणजे काय?"

"म्हंजे कोनीच कोनाला साहेब नाय बोलत."

एवढ्यावर ती थांबली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण पोर माझी आहे. परतीच्या एसटीत तिने प्रश्नांची सरबत्ती लावली आणि बाबांनी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. पनवेलला उतरेपर्यंत त्या राज्याला संसद, न्यायालय आणि बारा खाती झाली होती. माझ्या मांडीवर जवळ्याची पिशवी होती आणि आजूबाजूचे प्रवासी नाकाला रुमाल लावून ऐकत होते. एका बाईंनी उतरताना विचारलं, "काका, कुठलं म्हणालात हे राज्य?"

पुढे दहा वर्षं आमच्या घरात रोज संध्याकाळी पलीकडच्या राज्याचा कारभार चालला. तिथला राष्ट्राध्यक्ष कसा निवडतात ते बाबांच्याच तोंडून ऐकावं. "सगल्यांना मैदानात बोलवतात. इचारतात, कोनाला व्हायचंय राष्ट्राध्यक्ष? जे हात वर करतात ते बाद. मंग उरलेल्यांतला एक धरून आनतात. तो रडतो. त्याची बायको रडते. मंग शपथविधी." आमच्या घरात निवडणूक झाली तेव्हा मुलीने तडफेने हात वर केला आणि ती बाद झाली. मी हात वर केला नव्हता, पण मी बाबांकडे बोट दाखवलं. बाबांनी डोळ्यांना रुमाल लावला, दोन हुंदके दिले आणि पद स्वीकारलं. ते आजतागायत त्यांच्याकडेच आहे.

राज्यात एक रांगमंत्री होता. त्याचं काम असं की रोज वेगवेगळ्या सरकारी कचेरीच्या रांगेत सगळ्यांत शेवटी जाऊन उभं राहायचं, आणि त्याचा नंबर लागेपर्यंत कचेरीला कुलूप लावायचं नाही. एक चूक खातं होतं. ज्या अधिकाऱ्याने आपली चूक दारावरच्या फळ्यावर लिहून लावली, त्याला टाळ्या आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी. हे मी आमच्या ऑफिसात एकदा डबा खाताना सांगितलं. साहेबांना वाटलं मी टोमणा मारतेय. मारतच होते. न्यायालयात वादी-प्रतिवादीने आधी एका ताटात जेवायचं आणि मग न्यायाधीशासमोर उभं राहायचं. बाबांचं म्हणणं, निम्मे दावे तिथेच मिटतात आणि उरलेले आमटीच्या चवीवरून नव्याने सुरू होतात.

मुलीचं पुढारलेपण वेगळं होतं. तिला यंत्रं लागायची. तिने असे रस्ते काढले की ज्यांच्यावरचे खड्डे रात्रीतून आपोआप भरून येतात, खरचटलेल्या गुडघ्यासारखे. बाबा म्हणाले, "पन खपली काढायची नाय कोनी." मग खपली काढणाऱ्यांसाठी कलम आलं. तिने स्वतःहून साफ होणारी गटारं काढली, तर बाबांनी त्यांच्यावर देखरेखीला एक ग्रामसेवक नेमला. बिनकामाचा का होईना, पण माणूस हवा, असं त्यांचं ठाम मत. पनवेल स्टेशनच्या रिक्षांबद्दल मात्र आजोबा-नातीचं एकमत होतं. पलीकडे रिक्षावाला आधी विचारतो, "ताई, कुठं सोडू?" आणि मग तिथेच सोडतो. विज्ञान कितीही पुढे गेलं तरी ह्याच्यापुढे काय जाणार?

ह्या सगळ्यात मी विरोधी पक्ष होते. नेमणूक कोणी केली नाही, स्वभावानेच झाले. ऑफिसातून घरी यायचं, पदर खोचून ओट्यापाशी उभं राहायचं, आणि मागे ह्यांचं मंत्रिमंडळ पाय हलवत बसलेलं. मी एकच प्रश्न विचारायचे: "तुमच्या त्या पुढारलेल्या राज्यात भांडी कोण घासतं?"

पहिल्यांदा विचारला तेव्हा सरकार गडबडलं. मुलगी म्हणाली, यंत्र. मी म्हटलं, यंत्राची जाळी कोण साफ करतं? दोन दिवस खलबतं चालली. मग कायदा आला: राज्यातल्या सगळ्या पंगतींची भांडी राष्ट्राध्यक्ष घासतो. आमच्या भांडी घासणाऱ्या मावशी रविवारी सुट्टी घेतात. तेव्हापासून रविवारची भांडी बाबांकडे गेली. ते मन लावून घासायचे, पण पातेल्याची बाहेरची बाजू त्यांच्या हिशोबात नव्हती. ती मी सोमवारी घासायचे. विरोधी पक्षाला एवढं सोसावंच लागतं.

माझा नवरा साताऱ्याकडचा, देशावरचा, आणि शांत. त्याला तटस्थ शेजारी राष्ट्राचा दर्जा होता. त्याच्याशी पाव आणि दूध एवढाच व्यापार चालायचा.

आता त्या कायद्याबद्दल सांगते, ज्याच्यासाठी हे सगळं सांगतेय. त्याचं नाव 'शेवटचा हात'. पलीकडच्या राज्यात कुठलाही ठराव आला की आधी शोधायचं, ह्याच्यात सगळ्यांत जास्त नुकसान कोणाचं. ते ठरलं की बाकी सगळ्यांनी आपापली मतं द्यायची आणि मग भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. ज्याचं नुकसान, तो एकटा टेबलापाशी बसतो. त्याला वाटलं तर तो हात वर करतो आणि "झालं" म्हणतो. मग ठराव मंजूर. नाही म्हणाला तर ठराव पडला, बाकी सगळं जग बाजूने असलं तरी. वळून बघायचं नाही आणि नंतर विचारायचं नाही.

"भिंतीकडे तोंड कशाला?" मी एकदा विचारलं. विरोधी पक्ष म्हणून नव्हे, खरंच विचारलं.

बाबा आढेवेढे घेत नाहीत. त्यांनी सांगितलं, नोकरीच्या सुरुवातीला एका गावात रस्त्याचा ठराव आला. रस्ता सगळ्यांना हवा होता. तो एका म्हातारीच्या खळ्यातून जाणार होता, भात झोडायची तिची तेवढीच जागा. ग्रामसभेत सगळ्यांचे हात वर झाले, तिचा मांडीवर. मग सगळी सभा तिच्याकडे बघत राहिली. कोणी काही बोललं नाही, नुसतं बघितलं. "हलूहलू तिचा हात वर आला," बाबा म्हणाले. "पन बाय, तो हात तिनं नाय उचलला, आमी उचलला. डोल्यांनी. मंग मी लिवलं, सर्वानुमते मंजूर."

पलीकडच्या राज्यात 'सर्वानुमते' ह्या शब्दाला बंदी होती. मला वाटायचं गंमत आहे. त्या दिवशी कळलं ती गंमत नव्हती.

घरात हा कायदा चांगला चालला. रविवारी सुक्या बोंबलाचं कालवण करायचं, असा ठराव आला तेव्हा नुकसान उघडच साताऱ्याचं होतं. आम्ही तिघं भिंतीकडे वळलो. मग मागून एक खोल श्वास आणि "झालं". तेव्हापासून दर रविवारी तो त्या कालवणातले बटाटे तेवढे खातो. आता बटाट्यांवरून भांडतो.

पण एकदा बाबांनी हा कायदा घराबाहेर नेला आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आमच्या बिल्डिंगमध्ये मुंबई-पुण्याहून आलेली नोकरदार कुटुंबं जास्त. बाबा मे महिन्यात गच्चीवर जवळा आणि बोंबील वाळवायचे. वास चौथ्या मजल्यापर्यंत यायचा. तक्रार झाली, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय आला: गच्चीवर मासळी वाळवण्यास मनाई. खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्षबाई पुण्याच्या, बँकेतून निवृत्त, अतिशय नियमाच्या. त्यांनी ठराव वाचला आणि हात वर करायला सांगितलं. सगळ्यांचे हात वर झाले आणि सगळे बाबांकडे बघायला लागले.

बाबा उठले. सभेत उभे राहिले की बाबा शुद्ध बोलतात, नोकरीची सवय. म्हणाले, "अध्यक्ष महोदया, ठरावाला माझी हरकत नाही. मतदानाच्या पद्धतीला आहे. नुकसान माझं आहे, तेव्हा शेवटचा हात माझा. आपण सर्वांनी कृपया भिंतीकडे तोंड करून उभं राहावं."

मी डोळे मिटून घेतले. कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, "काका, हे कुठल्या बायलॉजमध्ये आहे?" माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. तिने खुर्ची मागे सरकवली आणि भिंतीकडे वळली. मग माझा नवरा, तटस्थ राष्ट्र, कधी कशात नाही तो, तोही वळला. मग तळमजल्यावरचं एक जोडपं वळलं. मग काय झालं कोण जाणे, माणसं एकाचं बघून दुसरं करतात, निम्मी सभा उठून उभी राहिली आणि मीटरच्या खोलीकडे, पाण्याच्या पंपाकडे, जिकडे मिळेल तिकडे तोंड करून राहिली. अध्यक्षबाई आग विझवायच्या त्या लाल नळकांड्याकडे बघत होत्या. शेवटी मीही वळले. बाप आहे, करणार काय?

"झालं," मागून बाबा म्हणाले.

त्या वर्षापासून बाबा मासळी कोनला पुतण्याच्या अंगणात वाळवतात. जिन्यातून वर जाताना मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्ही खरंच हात वर केला?"

"तू बगितलास?"

"नाही."

"मंग इचारायचं नाय."

आठ दिवसांनी चौथ्या मजल्यावरच्या त्या तक्रारवाल्या बाई अळूवड्या घेऊन आल्या. म्हणाल्या, वर्षातून दोन दिवस वाळवा हो काका, तेवढं काही नाही. बाबांनी अळूवड्या घेतल्या आणि दोन दिवस घेतले नाहीत. ठराव म्हणजे ठराव, म्हणाले.

तर तो जुलैमधला रविवार. टेबल पुसून झालं होतं, उष्टी भांडी सिंकमध्ये होती. बाहेरच्या खोलीतला टीव्ही नवऱ्याने स्वतः उठून बंद केला, त्यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं. बाबा अध्यक्षस्थानी, म्हणजे फ्रिजच्या बाजूच्या खुर्चीत. मुलीने ठराव मांडला. मोबाइलवर कॉलेजचं पान उघडून मध्ये ठेवलं होतं.

"मला शहरं कशी बनतात ते शिकायचंय," ती म्हणाली. "इंजिनिअरिंग वाईट नाहीये आई. पण मी आठ वर्षांची असल्यापासून हेच करतेय ना? रस्ते, गटारं, रांगा. फक्त आता खरं करायचंय."

नवऱ्याने हात वर केला. म्हणाला, "जाऊ दे तिला." घरातल्या वादात दहा वर्षांत पहिल्यांदा तटस्थ राष्ट्र तटस्थ राहिलं नाही, तेही त्या दिवशी. मला त्याचा असा राग आला की विचारू नका.

मग मी बोलले. हवेबद्दल बोलले, थंडीबद्दल बोलले. तिला सर्दीचा त्रास आहे. रात्री लायब्ररीतून हॉस्टेलवर एकटी कशी येणार? तिकडे आपलं कोण आहे? ती ऐकत होती, मध्येच "आई, आय नो" म्हणत होती. तिला माहीत आहे हे माझ्या ध्यानात येत होतं आणि त्यानेच मी आणखी चिडत होते. शेवटी मी हुकमाचं पान टाकलं. मी म्हटलं, "कायदा तुमचाच आहे. नुकसान सगळ्यांत जास्त कोणाचं? बाबांचं. दिवसभर ह्या घरात त्यांना हिच्याशिवाय आहे कोण? ही गेली की तुमचं ते राज्यही गेलं. शेवटचा हात बाबांचा. ते ठरवतील."

आता खरं सांगते. मला खात्री होती की बाबा नाही म्हणतील. बोंबील सोडणं वेगळं आणि नात सोडणं वेगळं. ते आतून पार गळून गेले होते, आठवडाभर जेवत नव्हते धड. ते नाही म्हणाले असते तर पोर त्यांच्यावर रागावली नसती, आजोबांवर ती कधीच रागावत नाही. आणि माझ्यावर रागवायला तिला कारणच उरलं नसतं. मी बापाच्या आडून माझा ठराव पाडायला बघत होते.

मुलीने आजोबांकडे पाहिलं, मग पटकन नजर वळवली. डोळ्यांनी हात उचलायचा नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

बाबांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकाने पुसला, परत घातला. म्हणाले, "बाय, सबा चुकली तुजी."

"कशी चुकली?"

"माजं नुकसान हाय. नाय नाय बोलत मी. पन इचार कर. शालेतनं आली का ती मना मिलायची. दूध मी दिलं, गोष्टी मी सांगितल्या, राज्य आमी दोगांनी केलं. माजा वाटा मना भरभरून मिलला. तू त्या टायमाला कुटं होतीस?"

"ऑफिसात," मी म्हटलं. "कोणीतरी कमवायला नको?"

"तेच बोलतंय मी. तू कमवत व्हतीस आन् आमी खेलत व्हतो. घरी आलीस का ओट्याशी. तुजी पाठ आमच्याकडं. तुला वाटलं आसंल, जरा मोकली झाले का बसंन पोरीसंगं. ते बसायचं रायलं बाय. आन् आता ती चालली. तुजा वाटा घ्यायचा रायला तसाच." ते जरा थांबले. "म्हनून नुकसान तुजं जास्त. शेवटचा हात तुजा."

बाबांनी हे असं सांगितलं, जसं कोणी पोस्टात कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगावं. आवाज चढवला नाही, पाडला नाही. दहा वर्षं मी त्यांना विचारत आले होते, भांडी कोण घासतं. मला वाटायचं मी त्यांना कोंडीत पकडतेय. त्या माणसाला मी काय विचारतेय ते पहिल्या दिवसापासून कळत होतं.

"उठा," बाबा म्हणाले. ते स्वतः खुर्चीच्या पाठीला धरून उठले आणि कॅलेंडर टांगलंय त्या भिंतीकडे वळले. नवरा फ्रिजकडे तोंड करून उभा राहिला. मुलगी खिडकीशेजारच्या कोपऱ्यात गेली, जिथे ती लहान असताना दर वाढदिवसाला आम्ही तिची उंची पेन्सिलने लिहायचो.

मी एकटी टेबलापाशी. समोर तीन पाठी.

बाबांच्या बनियनला खांद्यावर भोक होतं. किती वेळा सांगितलं टाकून द्या म्हणून. नवरा मान खाली घालून उभा होता. आणि माझी मुलगी. तिने केस वर बांधले होते, मानेवर एक बट सुटली होती. तिची पाठ मी अशी कधी पाहिलीच नव्हती. माझी पाठ तिने रोज पाहिली होती, ओट्याशी उभी असलेली, आणि त्या पाठीशी बोलत ती मोठी झाली होती. शाळेत काय झालं, कोण काय म्हणालं, सगळं. मी "हं, हं" म्हणत फोडणी घालायचे. मला वाटलं, हिला आत्ता समोर बसवून म्हणावं, सगळं पहिल्यापासून सांग. तो रस्त्यांवर खपली धरण्याचा कायदा नक्की काय होता, तो परत सांग, मी गॅस बंद करून ऐकते.

मी नाही म्हणू शकत होते. कायद्याने म्हणू शकत होते, कोणी वळून पाहिलं नसतं, कोणी विचारलं नसतं. ती खारघरला गेली असती. सकाळी डबा, संध्याकाळी घरी. आणि संध्याकाळी मी कुठे असते? ओट्याशीच.

हात वर गेला. तो मीच उचलला, हे मी शपथेवर सांगते. पण "झालं" म्हणायला गेले तर घशातून आवाज फुटेना. आणि नियम असा की म्हटल्याशिवाय कोणी वळायचं नाही. मी हात वर धरून बसलेली, तोंड उघडं, आणि ती तिघं भिंतीकडे बघत उभी. बाबांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. त्यांचे गुडघे दुखतात. नवऱ्याने फ्रिजवरचं एक मॅग्नेट सरळ केलं. वरून एक विमान गेलं, आता विमानतळ झाल्यापासून सारखी जातात. ते जाईपर्यंत मी थांबले. मग दोनदा खाकरले.

"झालं," मी म्हटलं.

बाबा वळले. नवरा वळला. दोघांनीही माझ्या हाताकडे बघितलं नाही.

मुलगी मात्र वळली नाही. ती तशीच कोपऱ्यात, कपाळ भिंतीला लावून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मोबाइल टेबलावर उजळून पडला होता. मला वाटलं होतं ती उड्या मारेल, गळ्यात पडेल. ती वळेचना.

मी उठले आणि तिच्या शेजारी जाऊन, तिच्यासारखीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तिने न बघता माझा हात धरला. समोर पेन्सिलच्या रेघा होत्या, एकावर एक. त्यांच्यापुढचं अक्षर बाबांचं, ग्रामसेवकाचं, वळणदार. सगळ्यांत खालची रेघ माझ्या खांद्यालाही लागत नव्हती.

"आई," ती भिंतीला म्हणाली, "तू बोल ना काहीतरी."

"तू बोल," मी म्हटलं. "त्या रांगमंत्र्याचं पुढे काय झालं?"

ती नाक ओढत हसली, आणि सांगायला लागली. आमच्या मागे नळ सुटल्याचा आवाज आला. राष्ट्राध्यक्षांनी भांडी घासायला घेतली होती.